फाईलचं आडनाव

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मारुती गाडेकर यांचं नाव सांगतो. आईचं सांगत नाही, कारण आईच्या करण्याला उपकार म्हणत नाहीत. गाडेकर मात्र माझे कुणी लागत नव्हते. मुकुंदवाडी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक छापखाना आहे. तिथं लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स तयार होतात. तिथल्या कॉम्प्युटरसमोर गाडेकर बसतात. सगळे त्यांना नाना म्हणतात.

नानांची एक सवय नवीन गिऱ्हाइकाला घाबरवून सोडायची. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह देऊन घाईत म्हणायचं, "नाना, तेवढी फाईल उघडा." नाना पेनड्राइव्ह लावायचे, फाईल पडद्यावर दिसायची आणि नाना माऊसवरचा हात काढून घ्यायचे.

"हिचं तोंड बदललंय," ते म्हणायचे.

"कुणाचं?"

"फाईलीचं. ही आपल्याच छापखान्यात जन्मली. इथून गेली तवा हिच्या तोंडावर निळं फूल व्हतं. आता लाल चौकट कामून हाय?"

गिऱ्हाईक माझ्याकडं बघायचं. मी खाली बघायचो.

फाईलवर जे छोटं चित्र असतं, ज्याला आपण आयकॉन म्हणतो, त्याला नाना तोंड म्हणत. आणि फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन जी तीन-चार अक्षरं येतात, त्यांना ते आडनाव म्हणत. त्यांची सगळी तक्रार या दोन शब्दांत बसलेली होती. सिस्टिम फाईलचं आडनाव बघते आणि त्यावरून तोंड ठरवते, हे त्यांना मान्य नव्हतं.

"आमच्या गावात शंभर घरं गाडेकरांची," ते म्हणायचे. "सगळ्याची तोंडं एकच हायेत का? माझा चुलता काळा, मी सावळा, आमचा सरपंच तर पार भोपळ्यावानी. आणि ही सिस्टिम म्हणती, आडनाव गाडेकर ना, मग घ्या एकच तोंड. वर आडनाव बदललं की तोंड बी बदललं! हे कुठल्या मुलखातलं म्हणायचं?"

मी कन्नडजवळच्या एका गावातून आलो होतो. घरात पहिला पदवीधर. बी.ए. झालो तेव्हा मला मराठीत अर्ज लिहिता येत होता आणि इंग्रजीत तो वाचता येत होता. यापलीकडे काही येत नव्हतं. फाईल म्हणजे दोरी बांधलेली पुठ्ठ्याची, एवढंच माहीत होतं. छापखान्यात कामाला लागलो तेव्हा नानांनी मला पहिल्या दिवशी टायपिंग शिकवलं नाही. त्यांनी एक कोरी फाईल तयार केली, तिला नाव दिलं आणि मग नावाच्या शेवटची अक्षरं खोडून दुसरी लिहिली. फाईलचं चित्र क्षणात बदललं.

"आत काय बदललं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"मग वर कामून बदललं?"

मला उत्तर आलं नाही. नाना खूश झाले. ज्याला उत्तर येत नाही तो शिकवायला बरा, असं त्यांचं मत होतं. पुढं त्यांनी मला जे जे शिकवलं, ते याच पद्धतीनं. मी आज पुण्यात ज्या ऑफिसात नोकरी करतो, तिथल्या मुलाखतीची तयारीही त्यांनी अशीच करून घेतली. त्यांनी मला एकदाही अडाणी म्हटलं नाही. अडाणी हा शब्द त्यांनी सिस्टिमसाठी राखून ठेवला होता.

नानांचे वडील मेंढपाळ. नाना स्वतः आठवीपर्यंत कधी शाळेत, कधी कळपामागं. त्यांचा विचार कुठून आला हे त्यामुळं कळायचं. त्यांच्या कळपात मेंढीच्या कानाला कातरून खूण करत. प्रत्येक घराची खूण वेगळी. मेंढी चुकून दुसऱ्याच्या कळपात गेली, दुसऱ्याच्या वाड्यात बसली, दुसऱ्यानं तिला पाला टाकला, तरी कान तोच राहायचा.

"खूण मेंढीच्या अंगावर असती," नाना म्हणायचे. "राखणाऱ्याच्या फेट्यावर नसती."

यावर छपाईच्या मशीनवरचे रफिकभाई मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणायचे, "नाना, फाइल खुल गई ना? छपाई हो गई ना? फिर उसका नाक-नक्शा कायकू देखते? शादी लगानी है क्या?"

"रफिकभाई, तुमच्या मशीनवर कुणी माझ्या नावाची पाटी लावली तर चालंल का?"

"पाटी लगाव ना! तेल भी तुमीच डालो फिर!"

यात नानांचं हरणं ठरलेलं असे. पण हरलेला माणूस वाद सोडतो, हे नानांना कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला होता. सिस्टिममध्ये फोल्डरला आपल्या मनाचं चित्र देता येतं, एकट्या फाईलला देता येत नाही. "म्हंजी घराला रंग देता येतो, माणसाला तोंड देता येत नाय," असं म्हणत नानांनी प्रत्येक फाईलला स्वतंत्र घर दिलं. एक फाईल, एक फोल्डर. आणि त्या फोल्डरवर नानांनी स्वतः काढलेलं चित्र. मक्याच्या व्यापाऱ्याच्या पत्रिकेला कणीस. दाताच्या डॉक्टरच्या पावतीपुस्तकाला दाढ. एका पुढाऱ्याच्या फ्लेक्सला त्यांनी नुसत्या मिशा काढल्या होत्या. तो पुढारी एकदा स्वतः छापखान्यात आला, पडद्यावर मिशा बघून थबकला आणि म्हणाला, "हे आपलंच ना?" नाना म्हणाले, "बघा, वाचावं लागलं का?"

छापखान्याच्या मालकांना, बोर्डे शेठना, हे पटत नसे. नाना सुट्टीवर असले की मालकांना एकही फाईल सापडत नसे. त्यांना नावावरून शोधायची सवय होती आणि नानांनी नावं फार मनावर घेतलेली नव्हती. "नाना, हे कॉम्प्युटर हाय का बालवाडी?" असं ते विचारत. पण पत्रिकेत ज्याची एक वेलांटी चुकत नाही, असा माणूस मुकुंदवाडीत दुसरा नव्हता. त्यामुळं मालक विचारत आणि पुढं जात.

सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीलाही नानांनी कळवलं होतं. पडद्यावर कुठंतरी अभिप्राय लिहायची एक चौकट असते. आपण ती न बघता बंद करतो. नाना तिच्यात मराठीत लिहीत. त्यांची मागणी साधी होती. फाईलनं आपलं चित्र आपल्या पोटात घेऊन फिरावं. ज्या प्रोग्रॅमला ती उघडता येते, त्यानं हवा तर कोपऱ्यात आपला बारीक शिक्का मारावा, म्हणजे कोण उघडणार ते कळेल. दुसरा प्रोग्रॅम आला तर शिक्का बदलावा. प्रोग्रॅम काढून टाकला तर शिक्का जावा. चित्राला कुणी हात लावू नये.

यावर लगेच इंग्रजीत आभार मानणारं उत्तर यायचं. ते आपोआप येतं, हे मी नानांना सांगितलं नाही. नाना म्हणायचे, "पोच दिली त्यांनी. विचार करायला टाइम लागतो मान्साला."

मग एकदा मालकांनी बाहेरून एक तंत्रज्ञ आणला. पानं जुळवायचा जुना प्रोग्रॅम काढून नवा टाकायचा होता. तो मुलगा गाणी ऐकत ऐकत काम करून निघून गेला. नाना जेवून आले, एक फोल्डर उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. आतल्या सगळ्या जुन्या फाईली कोऱ्या पांढऱ्या कागदासारख्या दिसत होत्या. जुना प्रोग्रॅम गेला होता, म्हणून सिस्टिमनं त्यांचं चित्र काढून घेतलं होतं. फाईली शाबूत होत्या. नव्या प्रोग्रॅममधून उघडतही होत्या, मी उघडून दाखवल्या.

नाना खुर्चीतून उठले. मी त्यांना इतकं चिडलेलं आधी पाहिलं नव्हतं.

"प्रोग्रॅम मेला म्हणून हिनं पांढऱ्या कपाळानं बसायचं?" ते मोठ्यानं म्हणाले. "ही जित्ती हाय ना? आत सगळं जागच्या जागी हाय ना? मग हिचं कामून पुसलं?"

आम्ही सगळे हसलो. रफिकभाई मशीन बंद करून हसले. फाईलीला विधवा म्हणणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. नाना हसले नाहीत. ते बाहेर जाऊन टपरीवर उभे राहिले आणि चहा न घेता परत आले. पुढचे कितीतरी दिवस, कामातून वेळ मिळेल तसं, ते एकेक जुनी फाईल नव्या प्रोग्रॅममध्ये उघडून पुन्हा साठवत होते, म्हणजे नवं का होईना, तिला चित्र मिळेल. नेहमीप्रमाणं याचा धंद्याला काही उपयोग नव्हता.

त्या हिवाळ्यात नानांच्या भाचीचं लग्न ठरलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की नानांच्या घरी कोण कोण आहे. नानांनी लग्न केलेलं नव्हतं. घरी त्यांची धाकटी बहीण सुमनआक्का आणि तिची मुलगी पूजा. सुमनआक्काचे यजमान, गायके, पूजा रांगत होती तेव्हाच वारले, तेव्हापासून दोघी नानांकडं. नाना कधी बोलले नव्हते आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं.

मुलाकडचे सिल्लोडचे. मुलगा चांगला, पोलीस भरतीत लागलेला. पत्रिका अर्थातच आमच्याकडं. मुलाच्या वडिलांनी, ढाकणे पाहुण्यांनी, मजकूर कागदावर लिहून पाठवला होता. नानांनी पत्रिका जुळवली, नमुना काढला आणि पाठवून दिला. दुसऱ्याच दिवशी पाहुणे स्वतः छापखान्यात हजर. शांत माणूस, डोक्याला टोपी, हातात नमुना.

"नाना, ऑपरेटरकडून चूक झाली वाटतं," त्यांनी माझ्याकडं बघत म्हटलं. "मुलीच्या आईच्या नावाच्या आधी गं.भा. राहून गेलं."

लग्नपत्रिकेत नवरा असलेल्या बाईच्या नावाआधी सौ. लावतात आणि विधवेच्या नावाआधी गं.भा., म्हणजे गंगाभागीरथी. नद्यांची नावं आहेत, ऐकायला चांगली वाटतात.

"चूक नाय, पाहुणे," नाना म्हणाले. "मीच काढलं."

"आता? का?"

"मला एक सांगा. तुमचं नाव काय?"

"रामभाऊ ढाकणे. माहीत हाय की तुम्हाला."

"तुमच्या नावाआधी काय लागतं?"

"श्री."

"तुमच्या मंडळी वारल्या तर?"

"अहो, असं अभद्र काय बोलता!"

"बोलू द्या. काय लागंल?"

पाहुण्यांनी विचार केला. "श्रीच लागंल."

"मग! तुमचं तोंड तेच राह्यलं. कुणी आलं, कुणी गेलं, तुम्ही श्री. आणि सुमननं काय घोडं मारलं? तिच्या नावाआधी हे आडनाव कशाला?"

"आडनाव तर गायकेच लिहिलंय की," पाहुणे गोंधळून म्हणाले.

"ते मागचं. हे पुढून लावलेलं. ह्यावरून लोक तोंड ठरवत्यात, कुणाला कुठं बसवायचं ते."

इथं नाना सिस्टिमवर घसरले. पाहुण्यांना त्यांनी पडद्यासमोर बसवून एका फाईलचं आडनाव बदलून दाखवलं. पाहुण्यांनी ते शांतपणे पाहिलं, दोनदा मान हलवली आणि शेवटी म्हणाले, "नाना, तुमचं कॉम्प्युटरचं बरोबर असंल. पण आमच्या भावकीत मला तोंड दाखवायचंय. रीत हाय. आणि हळदीला, ओटी भरायला मुलीची चुलती पुढं राहील, तेबी आधीच बोलून ठेवतो. वाईट वाटून घेऊ नका."

ते वाईट माणूस नव्हते. जाताना त्यांनी मलाही नमस्कार केला.

संध्याकाळी नानांचा फोन वाजला. फोन जुना होता, पलीकडचं सगळं ऐकू यायचं. सुमनआक्का होत्या.

"दादा, लाव की रे ते. दोन अक्षरं हायेत. त्यापायी सोयरीक मोडू नको."

"मोडत नाय."

"तुला काय ठाऊक? पोरीच्या जिवाला घोर लागलाय. मी मागंच बसते. मला तर सैपाकाकडं बघायला कुणी पायजेच. लाव तू."

नानांनी पडद्यावरची पत्रिका पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "बरं." फोन ठेवून ते खुर्चीतून उठले आणि मला म्हणाले, "अंकुश, बस इथं. तेवढं लिही. मी चहा घिऊन येतो."

ती अक्षरं मी टाइप केली.

लग्न मुकुंदवाडीतल्याच एका मंगल कार्यालयात झालं. आम्ही छापखान्यातले सगळे होतो. रफिकभाई पार्किंग बघत होते, मी वाढप्यांवर लक्ष ठेवत होतो. बोर्डे शेठनी मांडवाच्या दारातला फ्लेक्स फुकट करून दिला होता. मुलीची चुलती नवी पैठणी नेसून सगळीकडं पुढं होती आणि तिलाही जरा अवघडल्यासारखं झालेलं दिसत होतं.

मुहूर्त जवळ आला. गुरुजींनी माईक हातात घेतला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

कुणी आलं नाही.

"मुलीचे मामा! मारुती गाडेकर! वेळ होतेय, मुलीला घेऊन यावं!"

नवरदेव अंतरपाटाच्या एका बाजूला उभा. दुसरी बाजू रिकामी. मामाशिवाय मुलगी मांडवात येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. लोक माना वळवून बघू लागले. ढाकणे पाहुणे माझ्याजवळ आले. "अहो, नाना कुठं गेले? बघा ना जरा."

मी मागच्या बाजूला गेलो. कार्यालयाच्या मागं पत्र्याखाली स्वयंपाक चालू होता. भाताच्या पातेल्याजवळ सुमनआक्का बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर पाण्याच्या जारवर नाना. नवा फेटा, नवा सदरा. बाजूला पूजा उभी, कपाळावर मुंडावळ्या, डोळे रडून लाल.

"ऊठ दादा, पाया पडते तुझ्या," आक्का म्हणत होत्या. "बोलवू राहिले."

"ऐकू आलं मला. मला थोडंच कमी ऐकू येतं."

"मग जा ना पोरीला घिऊन!"

"तू चल."

"माझं काय काम तिथं?"

"तुझी पोरगी हाय, हे काम हाय. तू नाय आली तर मामा बी येत नाय. टळू दे मुहूर्त. दुसरा मामा कुठून आणत्यात बघू."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. पत्रिकेत त्यांचं ऐकलं. छापून दिलं. आता हे माझं."

माईकवर तिसऱ्यांदा नाव आलं. पूजानं खाली वाकून आईचा हात धरला. आक्का तिच्याकडं बघत राहिल्या, मग पदरानं हात पुसत उठल्या. पदराला हळद-मीठ लागलं होतं.

तिथं उभ्या उभ्या मला माझी आई आठवली. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. बहिणीच्या लग्नात आईला कुणी मागं बस म्हटलं नव्हतं. ती आपणहून चुलीकडं जाऊन बसली होती. अक्षता पडल्या तेव्हा ती पोळ्या मोजत होती.

तिघं मांडवात आले. मध्ये पूजा, एका बाजूला फेटा बांधलेले नाना, दुसऱ्या बाजूला सुती साडीतल्या सुमनआक्का. आवाज एकदम खाली गेला. गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं.

"मामा एकच लागतो," ते माईक बाजूला न करताच म्हणाले, त्यामुळं ते सगळ्यांनी ऐकलं.

"एकच हाय," नाना म्हणाले. "ही आई हाय."

ढाकणे पाहुणे दोन पावलं पुढं आले. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून रफिकभाईंचा आवाज आला, "अरे शुरू करो ना, पब्लिक भुकी है!" लोक हसले, गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि मंगलाष्टक सुरू केलं. एकदा मंगलाष्टक सुरू झालं की कुणाला काही बोलता येत नाही. पाहुण्यांनी तोंड मिटलं. मग टोपी नीट केली आणि मुठीतल्या अक्षतांपैकी थोड्या शेजारी उभ्या असलेल्या सुमनआक्कांच्या हातावर ठेवल्या, कारण आक्का रिकाम्या हातानं आल्या होत्या.

नाना त्या वेळी कुणाकडंच बघत नव्हते. ते अंतरपाटाच्या विणीकडं बघत होते, छापलेल्या पानात चूक शोधावी तसे.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी मी पुण्याला आलो. नानांचा फोन येतो. नव्या सिस्टिमबद्दल त्यांच्या नव्या तक्रारी असतात, त्या मी ऐकून घेतो. या वर्षी माझं लग्न ठरलं, ते मात्र मी फोनवर सांगितलं नाही. त्यांना पत्र लिहिलं. ते असं:

तीर्थरूप नाना यांस,

अंकुशचा साष्टांग नमस्कार.

माझं लग्न ठरलं आहे. मुलगी वैजापूरकडची आहे, शिक्षिका आहे. लग्न आमच्या गावीच करतो आहोत. पत्रिका तुमच्याकडंच छापायची आहे, मजकूर सोबत जोडला आहे. मुलीकडच्यांशी सगळं आधी बोलून घेतलं आहे. त्यांच्या घरातले दोघं-तिघं थोडे नाराज आहेत, पण सासरे म्हणाले, तुमच्या घरचं तुम्ही ठरवा.

मला पहिली हळद आईनं लावावी असं मी घरात सांगितलं. आई नको म्हणाली. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोललीही नाही. मग काल रात्री जेवताना तिनं विचारलं, त्या तुझ्या नानांची बहीण येणार आहे का? मी तिला पूजाच्या लग्नाचं सांगितलं होतं, ते तिच्या लक्षात होतं. आक्का येणार असतील तर मी त्यांच्याशेजारी उभी राहीन, असं ती म्हणाली. एकटीला तिला अवघड वाटतं.

म्हणून विनंती आहे. तुम्ही लग्नाच्या दिवशी आलात तरी चालेल. आक्कांना मात्र आदल्या दिवशीच पाठवा. कन्नडच्या स्टँडवर मी स्वतः घ्यायला येतो. हळद सकाळी लवकर आहे, आणि आई त्यांच्यासाठी थांबणार आहे.

आपला,
अंकुश